काठावरचा माणूस

"रोहिणीने शोधलेल्या चुका चौदा, सिद्धोधनने तेरा. आणि तेराच्या तेरा दोघांनाही सापडलेल्या," शिवकुमार सरांनी कागदावर गुणाकार-भागाकार केला. "म्हणजे एकूण चुका चौदाच. आता काही राहिलं नाही. मी अहवाल पाठवून देतो."

तपासायला आलेला प्रोग्राम धरणाच्या भोंग्याचा होता. दरवाजे उघडण्याआधी खालच्या गावांत तो वाजलाच पाहिजे. मानवतच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात तपासायची पद्धत सरांनीच घालून दिलेली. दोघांनी वेगवेगळं बसून चुका शोधायच्या, एकमेकांशी बोलायचं नाही. याद्या जुळल्या तर तळ गाठला. नाही जुळल्या तर अजून बऱ्याच दडून बसल्यात, असं समजायचं.

याद्या जुळणारच होत्या. सिद्धोधनची पोरगी चार दिवस दवाखान्यात होती. त्याची नोकरी टिकावी म्हणून रोहिणीनेच त्याला आपली यादी उतरवून घ्यायला दिली. एक चूक तेवढी गाळायला सांगितली, खरं वाटावं म्हणून. नको तिथे अक्कल चालली.

सर आत गेल्यावर सिद्धोधनने खुर्ची जवळ ओढली.

"ताई, आज सकाळी मी एक पान खरंच तपासलं. दोन चुका निघाल्या. तुमच्या यादीत न्हाईत."

"एका पानात?"

"एकाच. अजून चाळीस पानं हायेत."

सांगावं तर दोघांच्या पोटावर पाय. रोहिणी सरांच्या दारापर्यंत गेली. मागे वळून पाहिलं तर सिद्धोधन खाली मान घालून बसला होता. ती तिथूनच जिन्याकडे वळली. तिला स्वतःची किळस आली. जिन्यात उभं राहून तिने वडिलांना फोन लावला. सिताराम धरणाखालच्या नदीत मासे धरायचे.

"बाबा, उद्यापासून नदीत उतरू नका."

"का गं?"

"भोंग्याचा भरोसा न्हाई."

"काय बोलायलीस? तूच तपासला ना?" ते हसले. "मी साऱ्या गावाला सांगितलंय, आमच्या रोहिणीनं तपासलाय म्हणून. आधी पाण्यावर नजर ठेवायला आमी एक माणूस काठावर बसवायचो. आजपासून त्यालाबी जाळं दिलं."