इडवल तेवीस

रेफरीने शिट्टी फुंकून पेनल्टीच्या ठिपक्याकडे हात केला आणि आमच्या ब्रिनकेलिन गावचं मैदान खुळावलं. चहावाली बाई उकळती किटली तशीच सोडून कुंपणाकडे पळाली. चॅपेलच्या गायकवृंदातले चौघे बाराव्या गोलापासून स्तोत्राच्या चालीवर गोल मोजत होते, त्यांनी आता आणखी वरचा सूर लावला. ट्रेग्विनवर आमचे तेवीस-शून्य झाले होते. सामना संपायला मिनिटभर उरलं होतं. आणि चोविसावा मारायला चेंडू ठेवत होता येस्टिन, म्हातारबा इडवलचा सख्खा नातू.

"सुटलास रे बाबा इडवल," खाटीक म्हणाला. म्हाताऱ्याच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्याची टोपी चिखलात गेली.

आता तो कशातून सुटणार होता, ते सांगायला हवं. आमच्या खोऱ्यात निम्मे लोक जोन्स, आणि एकट्या आमच्या गावात पाच इडवल जोन्स. तेव्हा टोपणनावावाचून इथे कुणाचं भागत नाही, आणि एकदा चिकटलं की ते निघत नाही. पाव भाजणारा तो इडवल पाव, पत्रं वाटणारा तो इडवल टपाल. हा इडवल तेवीस. आमचा फुटबॉल क्लब खाणकामगारांनी काढलेला. शंभरावर वर्षांत त्याने एकच कप जिंकला, तोही येताना बसमध्ये राहिला. बाकी क्लबच्या इतिहासात नाव घ्यावं असं एकच घडलं: गोलकीपर इडवलने ऐन तरुणपणी एका दुपारी तेवीस गोल खाल्ले. एवढे या लीगमध्ये कुणीच खाल्ले नव्हते.

तेव्हापासून खोऱ्यात ते नाव त्याच्या मागे लागलं. लग्न लावताना पाद्रीसुद्धा 'इडवल तेवीस' बोलून गेला. मुलगी शाळेत गेली ती तेवीसची म्हणून. नातू झाला तो छोटा तेवीस. बरं, आमच्याकडे थडग्यावरही टोपणनाव कोरतात, नाहीतर फुलं वाहायला आलेल्या माणसाने पाचांतला आपला इडवल ओळखायचा कसा? म्हाताऱ्याला त्या दगडाचीच धास्ती होती. क्लबच्या बारमध्ये मात्र एक गोष्ट पूर्वीच ठरली होती. बरोबरी झाली तर नाव जुन्याचंच. पण कुणी चोवीस खाल्ले की इडवल मोकळा, पुढचं त्या माणसाने बघून घ्यावं. पन्नास वर्षं इडवल दर शनिवारी मैदानावर येऊन त्या माणसाची वाट बघत होता.

तो माणूस आज आला होता. ट्रेग्विनचा निम्मा संघ कुणाच्या तरी लग्नासाठी स्पेनला गेलेला. उरलेल्यांनी छपरं दुरुस्त करणाऱ्या हेविनला हातमोजे चढवून गोलात उभं केलं होतं. बिचाऱ्याने जन्मात कधी चेंडू अडवला नव्हता.

"हा गोल मी जवळून बघणार," इडवल म्हणाला आणि काठी टेकत गोलामागे निघाला. लोकांनी टाळ्या वाजवत त्याला वाट करून दिली. नवरदेवाचासुद्धा एवढा थाट नसतो.

गोलामागे एक बाबागाडी होती. हेविनची बायको ती पुढेमागे हलवत होती, तोंड अगदी उतरलेलं. आत तीन आठवड्यांची पोर एवढ्या गोंगाटातही गाढ झोपली होती. इडवलने आईजवळ पोरीची चौकशी केली. मग तो बाबागाडीत बघत राहिला.

हेविनने वळून पाहिलं. "आजोबा, तुम्हीच का ते तेवीस?"

"मीच."

"पुढे विसरतात का हो लोक? काही वर्षांनी तरी?"

"नाही," इडवल म्हणाला. खोटं बोलवेना त्याला. मग जाळीला तोंड लावून तो आणखी काहीतरी हळूच बोलला. कुंपणापाशी त्याच्याच नावाने नाच चालला होता, त्यात ते कुणाला ऐकू जाणार?

येस्टिन धावत आला. चेंडू नदीच्या बाजूच्या खांबाला लगटून सणसणत निघाला. हेविनने त्याच बाजूला अंग झोकलं, आणि चेंडू त्याच्या पोटाखाली जाऊन बसला.

पुढचं काय सांगावं. तेवीस गोलांनी हरलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून आनंदाने रडत होती. हेविनला खांद्यावर घेऊन त्यांनी मैदानाला फेरी मारली. शेवटची शिट्टी कुणी ऐकलीच नाही. आमचे गाणारे चौघे बेशरमासारखे त्यांच्या बाजूने गाऊ लागले. खाटकाने ट्रेग्विनच्या एका दाढीवाल्याचा मुका घेतला, मग भानावर येऊन त्याला शिवी हासडली. हरलं कोण आणि जिंकलं कोण, परक्या माणसाला सांगता आलं नसतं.

येस्टिन तेवढा तरातरा गोलामागे आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही सांगितलंत त्याला, आजोबा. मी नदीच्या अंगाला मारतो हे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? लहानपणापासून तुमच्यावरच तर मारत आलोय."

इडवल टोपीचा चिखल पुसत राहिला.

"अहो, तुमच्यासाठी मारत होतो मी. आता दगडावर काय कोरायचं? तेवीसच?"

"तेवीसच. माझं काय रे, मला सवय झाली." इडवलने बाबागाडीकडे मान वळवली. "त्या पोरीचं नाव अजून तिच्या आईबापांनीसुद्धा ठरवलेलं नाही, येस्टिन. आणि तू ठरवायला निघाला होतास."