हैद्राबादची चिठ्ठी

चिमटा आज उकळत्या पाण्यातून निघाला. बाणूबाईनं तो बघितला आणि नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं.

"आवं, ह्यो त्योच हाय की! आज आंघूळ घातली व्हय ह्याला?"

लिंगाप्पानं तिला डोळ्यानंच दटावलं. माजी सैनिकांच्या त्या दवाखान्यात आज सगळंच न्हाऊन-धुऊन बसलं होतं. पलंगावर कोरी चादर, फरशीला फिनाईलचा वास, कंपाउंडर सुनीलकुमारच्या हातात रबरी मोजे. तपासणीला दिल्लीहून मोठे साहेब येणार होते.

एरवी दीड महिना हाच चिमटा एकाच वाटीतून निघून एकाच्या गळवातून दुसऱ्याच्या जखमेत हिंडला होता. बाणूबाईला साखरेचा आजार. कोहिनूर गावच्या शेतात पायाच्या अंगठ्याला काटा लागला म्हणून ती इथं पट्टी बांधायला आली. तिसऱ्या पट्टीला पू झाला. सहाव्या पट्टीला अंगठा काळा पडला. हुमनाबादच्या डॉक्टरनं पाय बघितला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "आठ दिवसांत हैद्राबादला न्या. न्हाई तर गुडघ्यापासून काढावा लागंल."

हैद्राबादच्या मोठ्या इस्पितळात माजी सैनिकाच्या बायकोवर फुकट इलाज होता. पण त्याला इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागायची. पुण्याला कंपनीत असलेला मुलगा रविकुमार फोनवर रोज एकच सांगायचा, "अप्पा, चिठ्ठी घे, बाकी मी बघतो." आणि डॉक्टर नेमकी चिठ्ठीच देत नव्हते. चिठ्ठीवर जखम कुठं बिघडली ते लिहावं लागतं. तपासणीच्या तोंडावर ते लिहायची त्यांची छाती नव्हती.

परवा त्यांनी लिंगाप्पाला एकट्याला आत बोलावून दार लोटून घेतलं होतं.

"हवालदार, साहेब विचारतील तेव्हा सगळं ठीक आहे म्हणा. त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की चिठ्ठी तुमच्या हातात. माझा शब्द."

लिंगाप्पा सरळ माणूस. गावच्या सप्ताहात बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहणारा. खोटं बोलायचं म्हटलं की त्याचे कान आधी तापायचे. पण यंदा बुवांनी कसायापासून गाय लपवणाऱ्या साधूची गोष्ट अशी रंगवून सांगितली होती, की सारा मांडव मुसमुसला होता. जीव वाचवायला बोललेलं खोटं देव पोटात घालतो. लिंगाप्पानं तेवढं पदराला बांधलं आणि मान डोलावली. बायकोला मात्र त्यानं काही सांगितलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

साहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, मऊ बोलण्याचे. बाणूबाईच्या पलंगापाशी ते खरोखरच थांबले आणि वाकले.

"माताजी, यहाँ कोई तकलीफ़?"

बाणूबाईला हिंदी कळायची, बोलायला जीभ वळायची नाही. ती आपल्याच बोलीत सुटली.

"तकलीफ? माझ्या पायाचं वाटोळं हितंच झालंय, साहेब. एका चिमट्यानं धा जनाच्या जखमा उकरत्यात. ते हातमोजे म्या आज पैल्यांदा बघायलेय. पाय सडायलाय अन् डाक्टर चिठ्ठी देईनात. तुम्ही एवढ्या लांबून आलाव, तुमाला खोटं कामून सांगू?"

साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांनी लिंगाप्पाकडं बघितलं.

"क्या कह रही हैं?"

डॉक्टर लिंगाप्पाकडं बघत होते. सुनीलकुमार फरशीकडं बघत होता. लिंगाप्पाचे कान तापले.

"बोलती है, बहुत आराम है, साब. ज़ख़्म भरता आ रहा है. डाक्टरसाब देवता है."

बाणूबाईचा आ वासला. शब्द न् शब्द तिला कळला होता. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याकडं अशा डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"आवं, जीभ झडली का तुमची? खरं सांगा की त्यास्नी!"

"अब क्या कहती हैं?"

"आपको दुआ देती है, साब."

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी बाणूबाईला हात जोडले. तिचा उपचाराचा कागद मागवून घेतला, उभ्या उभ्या स्वतःच्या पेनानं दोन ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि पुढच्या पलंगाकडं गेले.

तासाभरानं गाडी फाटकाबाहेर पडली. बाणूबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

"पाय तुमचा असता तर बोलला असताव का असं?"

लिंगाप्पा तिच्या कानाशी वाकला. "गप, बाणू. चिठ्ठी मिळायलीय. आजच. डाक्टरनं शब्द दिलाय, म्हनून बोललो. रातच्या गाडीनं हैद्राबाद."

ती हळूहळू वळली. तिनं त्याचा हात हातात घेतला.

"आगुदर सांगायचं न्हाई व्हय, येड्या मानसा? म्याबी देवता म्हनले असते की त्याला. आरती केली असती!"

दोघंही हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

तेवढ्यात डॉक्टर आले. शब्दाला जागले होते; चिठ्ठ्यांचं बुक बगलेतच होतं. त्यांनी ते पलंगाच्या कडेवर उघडलं, बाणूबाईचं नाव घातलं, गाव घातलं, आजार बघायला तिचा कागद उलटला. पेन तिथंच थांबलं. दोन ओळी त्यांनी दोनदा वाचल्या. कपाळावरचा घाम पुसला. मग बुक मिटून त्यांनी कागद लिंगाप्पापुढं धरला.

"हवालदार, साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. जखम भरत आली आहे, उपचार इथेच चालू ठेवावेत. खाली सही आहे. आता तुम्हीच सांगा, मी चिठ्ठी कुठल्या जखमेची देऊ?"