आडोसा

“ह्या बायका इथल्या संडासात येऊन जातात ना, म्हणून भरते टाकी आणि गळते!” शूटिंगच्या सगळ्या युनिटसमोर असं ओरडून हिरॉईन मॅडमनी अलकाला आपल्या व्हॅनिटी व्हॅनच्या पायरीवरून हाकललं. गर्दीच्या सीनला आलेली पोटुशी अलका झुडपामागे गेली. तिचा नवरा रोहिदास ही व्हॅन सांभाळायचा. नोकरीपायी भांडता येणार नव्हतं, पण त्यानं मनात खूणगाठ बांधली.

मॅडम शॉटला गेल्या तशी त्यानं बेसिनमध्ये नीळ ओतली आणि व्हॅनखाली सरपटत शिरला. थेंब पडत होते ते निळेशार. म्हणजे संडासाची टाकी ठणठणीत होती. मॅडम दिवसभर तोंड धुतात त्या बेसिनच्या पाइपचा वॉशर गेला होता. त्यानं नवा वॉशर बसवला. गळती थांबली. मग हात पुसले आणि संडासाला कुलूप घातलं.

“टाकीच फुटलीय, मॅडम. एमसील लावलंय. उद्यापर्यंत वापरायची नाही.”

उघडा माळ, युनिटात व्हॅन एकच. मॅडमनी बराच वेळ कळ काढली, आणि शेवटी घागरा सावरत झुडपांकडे निघाल्या. गर्दीतल्या बायका न सांगताच उठल्या आणि नेहमीसारखा साडीचा आडोसा धरला. एक टोक अलकाच्या हातात होतं.

रोहिदासनं खिशातली किल्ली घट्ट धरली.

“बसा निवांत, मॅडम,” अख्ख्या युनिटला ऐकू जाईल अशा आवाजात अलका मायेनं म्हणाली. “इथं टाकी भरायची भीती नाही.”