मराठवाड्याचा समुद्र

चुना अजून ओला होता. मधुसूदनच्या हे लक्षात आलं तेव्हा वच्छलाबाई टेकाडाच्या टोकावरच्या दगडापासून दोन पावलांवर पोचल्या होत्या.

त्यांनी वाकून दगडाच्या माथ्यावर हात टेकवला. उचलला, तर तळवा पांढरा. मागे उभा असलेला मधुसूदनचा माणूस फकिरा उगाच आभाळाकडे बघायला लागला.

बाईंनी तळव्याकडे पाहिलं आणि पदराला हात पुसला.

"म्हंजी समदं टेकाड जानार?"

"सगळं," मधुसूदन म्हणाला. "धरणाचं पाणी या दगडापर्यंत चढणार. खालचं सगळं बुडीत. सरकारची भरपाई मिळायला वर्षं जातील, मी आत्ताच पैसे मोजतो. मलासुद्धा सांगताना बरं वाटत नाही."

निदान हे शेवटचं वाक्य तरी खरं होतं.

मधुसूदन म्हणजे चिकलठाण्याच्या ज्वारीच्या रानात सगळ्यांच्या आधी दोऱ्या धरून प्लॉट पाडणारा माणूस. तेव्हा शहरातल्या छावणीपर्यंत लोक त्याला हसले होते. आता तिथं घरोघरी दिवे लागत आणि हसणारेच कौतुकानं पाहुण्यांना आपलं अंगण दाखवत. मग पैठणला धरणाचं काम सुरू झालं आणि गड्यानं नवं खूळ डोक्यात घेतलं. म्हणे पलीकडचा काठ दिसणार नाही एवढं पाणी साठणार. ज्या मुलखाला समुद्र नाही त्याला समुद्र मिळणार, मग समुद्रकाठी गाव नको? त्यानं कागदावर बाजार आखला, शाळा आखली, पाण्याच्या कडेनं फिरायचा रस्ता आखला. कितीतरी घरांना शब्द देऊन बसला.

त्या गावाला जागा मात्र एकच होती, बिडकीनच्या पुढचं वच्छलाबाईंचं टेकाड. धरणाच्या ऑफिसातला ओळखीचा माणूस म्हणाला होता, "नकाशे अजून पक्के नाहीत. आमचे दगड जिथं लागलेत तीच पाण्याची हद्द धरा." शेजारच्या रानांत दगड होते. टेकाडावर एकही नव्हता. म्हणजे तिन्ही बाजूंनी पाणी आणि मधोमध त्याचं गाव!

पण बाई जमीन द्यायला तयार होईनात. नवऱ्यामागं एकटीनं कसलेलं रान होतं ते. शेवटी मधुसूदननं नको तो मार्ग धरला. छावणीतल्या पाथरवटाकडून धरणाच्या दगडांसारखा एक दगड घडवून घेतला, त्याला चुना फासला आणि आज बाई बिडकीनच्या बाजाराला गेल्यावर फकिराला तो घेऊन टेकाडावर धाडलं. स्वतः खाली जीपमध्ये घाम पुसत बसला.

"लई सोपं गेलं," फकिरा परत येऊन म्हणाला होता. "एका जागी माती भुसभुशीत व्हती. तिथंच रोवला."

टेकाडावरून खाली घरी उतरल्यावर बाईंनी पाण्याची बादली पुढे केली. "बसा त्या दगडावर. पाय धुवा."

दाराशी धुण्याचा रुंद, सपाट दगड होता. मधुसूदननं त्यावर बसून पाय धुतले, चहा घेतला. त्याला चहा गोड लागत होता की कडू, तेही कळेना.

"सायेब, येक इचारू? सरकारचा दगुडच उपटून टाकला, तर पानी थांबंल का हो?"

मधुसूदन हसला, जरा मोठ्यानंच. "पाणी दगडाला विचारून येत नाही, वच्छलाबाई."

"व्हय. ते बी खरंच."

मग त्यांनी बशी खाली ठेवली.

"पैसा नगं मला. जागंला जागा द्या. चिकलठान्याचा तुमचा कोपऱ्याचा प्लॉट. आंब्याचं रोप हाय तिथं."

तो प्लॉट मधुसूदनच्या बायकोचा, कालिंदीचा होता. रोपही तिनंच लावलेलं. बाकीचं सगळं या समुद्राच्या नादात कधीच गेलं होतं. स्वतःचं घर बांधायला तेवढा एक तुकडा उरला होता.

"दुसरा कुठला नाही चालणार?"

"नाय."

तो कबूल झाला. घरी कालिंदी ऐकून घेऊन उठून आत गेली. "अगं, अख्खा समुद्र दारात आणून देतो," तो दाराबाहेरून म्हणत राहिला.

रजिस्ट्री झाली. ताबा घ्यायच्या दिवशी मधुसूदन फकिराला घेऊन टेकाडाखाली बाईंच्या दारात आला तेव्हा वच्छलाबाईंची गाडी भरून झाली होती. बाई लिंबाच्या खोडाला टेकून उभ्या होत्या. डोळे भरून आले होते, पण तक्रारीचा शब्द नव्हता. गाडीत चढताना तेवढं म्हणाल्या, "रान चांगलं हाय सायेब. सोनं पिकवलं ह्यानं."

मधुसूदनला स्वतःची लाज वाटली. एका एकट्या बाईला आपण फसवलं, हे त्या क्षणी त्याला आतून बोचलं. जाता जाता काहीतरी चांगलं करावं म्हणून त्यानं आजूबाजूला पाहिलं.

"अरे फकिरा, बाईंचा धुण्याचा दगड राहिला की. चढव गाडीत. नव्या घरी लागेल त्यांना."

फकिरानं पहार घातली, जोर केला. दगड उलटला. मातीत दबलेल्या अंगावर चुना होता, आणि चुन्यात खोल कोरलेला बाण आणि धरणाच्या ऑफिसाचा नंबर.

"ऱ्हाऊ द्या त्यो," वच्छलाबाई गाडीतून म्हणाल्या. "सरकारचा हाय. पानी थांबंल म्हनून गेल्या साली मीच उपटून आनला टेकाडावरनं. तुमच्या मानसानं तुमचा दगुड नेमका त्याच खड्ड्यात रोवला."