पहिला चेहरा

"असलं मातकट ध्यान नको मला. परत दगड करून टाका!" डोळे मिटलेल्या पिल्लाकडे बघून खेळाडू करवादला.

त्या खेळाच्या जगात जीवाश्मांतून नामशेष प्राणी जिवंत करायचं काम यमुनाक्काचं. डोळे उघडताच जो चेहरा दिसेल, त्याचाच तो प्राणी जन्मभर होई; म्हणून ती तोंडाला फडकं बांधूनच काम करायची.

"कोट्यवधी वर्षं दगडच होतं की ते!" ती कडाडली. "तोंड दाखव त्याला, डोळे उघडतंय."

खेळाडूनं पाठ फिरवली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं फडकं ओरबाडून काढलं. पिल्लानं डोळे उघडले, तिला बघितलं आणि त्याचं मातकट अंग मोरपंखी चमकायला लागलं.

"अरे, हे तर दुर्मीळ निघालं! द्या इकडे, माझंय ते!"

पिल्लू तिच्या पदराआड शिरलं.

"मार हाक," यमुनाक्का म्हणाली. "येतंय का बघ."