बिगूल वाजला तेव्हा

नर्सताई अन् तिच्या मैत्रिणी ड्यूटी सुटल्यावर फुकटात राबून स्काउटांचे जुने बिल्ले, स्कार्फ, फोटो जपायच्या, पण आज त्यांचं संग्रहालय बंदच होणार होतं! जागामालक दारातच उभे. "इथं कुत्रंसुद्धा फिरकत नाही. खोली सोडा, मला दुकान काढायचंय." ताईचं डोकंच फिरलं. ज्या बिगुलाला ती कोणाला बोट लावू देत नसे, तोच तिनं कपाटातून काढून खिडकीतून फुंकला. आधी फुस्स! मालक खो-खो हसले. ताईनं पुन्हा छातीभर श्वास घेतला अन् स्काउटांना गोळा करणारी धून गल्लीभर घुमली. मग काय! न्हावीकाका गिऱ्हाईकाची अर्धी दाढी सोडून, पोस्टमनआजोबा काठी टेकत धावले. अख्खी गल्ली एकेकाळची स्काउट निघाली! खोलीपुढच्या अंगणात स्काउटांच्या शिस्तीत आपसूक अर्धगोल रांग लागली. "उशीर झाला का गं?" आजोबांनी विचारलं. एवढी गर्दी बघून मालकच म्हणाले, "ताई, दुकान राहू दे, तुमच्या संग्रहालयासाठी मागची खोलीही उघडतो!"