आजाऱ्याची खोली

"यंत्र किती वेळ बंद राहील, दादा?" लुदियानं विचारलं.

"दुपार तरी होईल," मातिउस म्हणाला. "नुसता वरून गॅस मारला तर महिनाभरात पुन्हा हीच रड."

लुदियानं आतल्या खोलीकडे पाहिलं. बाबांना उकाडा कधीच सोसला नव्हता. रांतेपाओच्या डोंगरात एसी कशाला, म्हणून शेजाऱ्यांनी टोमणे मारले होते. त्यांनी भर उन्हात त्या पत्र्याखाली बसून बघावं. बाबा आजारी पडले तेव्हाच तिनं पदरमोड करून तो बसवला होता.

मातिउस एसी-फ्रिजची कामं करायचा, याच गावचा. खोलीत शिरताना टोपी काढून त्यानं म्हाताऱ्यांना सांगितलं, की आजोबा, जरा खटपट होईल, सांभाळून घ्या. म्हातारे डोळे मिटून पडले होते. उशाशी सकाळचा भात तसाच होता. लुदियानं ताट उचललं आणि गरम कॉफी ठेवली.

मग बाहेरच्या युनिटपाशी येऊन त्यानं उरलेला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला. हवेत सोडला असता तर काम झटक्यात उरकलं असतं, पण तो त्यातला नव्हता. तांब्याच्या नळीचा गळका सांधा त्यानं डाग देऊन बुजवला. मग पंप लावून आतली हवा आणि ओल खेचायला घेतली.

आणि नेमका तेव्हाच योसुआ आला.

हा लुदियाचा धाकटा भाऊ. शेतीवरून बापाशी भांडला, तुम्ही मेलात तरी तोंड बघायला येणार नाही असं बोलून पापुआच्या खाणीत गेला, तो आज उगवत होता. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून लुदियानं निरोपांवर निरोप धाडले होते. पठ्ठ्याचं आपलं आज येतो, उद्या येतो.

उंबऱ्याशीच त्याचे पाय अडले. आता कुठल्या तोंडानं आत जाऊ, वेळ निघून गेली, असं काहीतरी पुटपुटायला लागला.

"बाबा आजारी आहेत, बहिरे नाहीत," लुदिया म्हणाली. "जे बोलायचं ते त्यांच्याशी बोल. जा."

मातिउसनं पंप थांबवला. आता दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेवायची. तो हलला तर गळती अजून आहे. पंप थांबल्यामुळे आतलं सगळं ऐकू येत होतं. योसुआ रडत होता. चुकलो बाबा, जीभ झडायला हवी होती माझी, असं म्हणत होता. आतून उत्तर आलं नाही. म्हातारे तसेही कमी बोलणारे.

मातिउसला भरून आलं. स्वतःच्या बापाशी त्याला असं कधी बोलताच आलं नव्हतं. त्याच्या घरी सगळं फार घाईनं उरकलं होतं.

काटा जागचा हलला नाही. त्यानं नवा गॅस वजन करून भरला आणि यंत्र सुरू केलं. खोलीत गारवा पसरला तेव्हा योसुआ बापाचा हात हातात घेऊन बसला होता.

लुदिया दाराला टेकून डोळे पुसत होती. "फारच उशीर केला ना, दादा, यानं?"

"उशीर कसला, ताई? अंत्यविधीचा रेडा कुठे कापलाय अजून? तोवर आपल्याकडे माणूस आजारीच."

तेही खरंच होतं. म्हाताऱ्यांचा श्वास थांबून तर तीनच वर्षं झाली होती.